ईएन-२४ म्हणून विकलेला एक्सल आणि फ्लँजखाली लपवलेली वेल्डिंग

मारुती जिप्सीला ३१ इंची मड टायर (चिखलाचे टायर) लावलेत आणि आता 'हेवी ड्यूटी' रिअर एक्सल शोधताय? मग पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ७१,७०० रुपये गेले आहेत. विकणारा मात्र अजून मजेत धंदा करतोय.

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची जेमतेम २६ इंच. ३१ इंची टायर लावला की त्रिज्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढते आणि जमिनीचा प्रत्येक झटका त्या प्रमाणात एक्सलच्या शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) जास्त येतो. त्यात चिखलात मोकळं फिरणारं चाक अचानक खडकाला पकडतं, तेव्हा इंजिन, लो रेंज (जास्त ताकदीचे गिअर) आणि डिफ (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) यांचा सगळा पीळ एका क्षणात त्या शाफ्टला सोसावा लागतो. डिफला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) असेल तर एकट्या बाजूला. म्हणून मजबूत शाफ्ट घेणं ही चैन नव्हती. सामान्य ग्राहकांसाठी गाडीची विक्री २०१९ ला थांबली, चांगला माल शोधावा लागतो, आणि शोधणारे कुठे सापडतात हे असा माल विकणाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं.

दोन शाफ्टचे ४६,५०० रुपये. आधी २०,००० यूपीआयने, माल निघाल्याचा फोटो आल्यावर २६,५००. ट्रान्सपोर्टचे १,८५० वेगळे. सोबत लॅबचं सर्टिफिकेट आलं: ईएन-२४ (मजबूत मिश्र पोलाद), इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करणं), ५५ एचआरसी (कडकपणाचं माप). कागद खराच होता, फक्त तो दुसऱ्याच कुठल्यातरी गोल सळईचा होता. त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक होता, शाफ्टवर कुठेही तो ठोकलेला नव्हता. हीट नंबर धातूवर नसेल तर सर्टिफिकेट रद्दीत टाका.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. फिटिंगच्या वेळी बेअरिंग बसते तिथे एक बारीक बर (धातूची उठलेली कड) होता. मेकॅनिकने कानस घेतली, दोन हात मारले आणि खालच्या वर्तमानपत्रावर चकचकीत चुरा पडला. ५५ एचआरसीच्या पृष्ठभागावर कानस बहुतेक घसरते, धातू जेमतेम धरते. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हे मऊ लागतंय." मी तिथल्या तिथे विकणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, बेअरिंग सीट मुद्दाम मऊ ठेवतो, प्रेस करताना तडा जाऊ नये म्हणून. हार्डनिंग स्प्लाइनला आहे." शाफ्टचा काही भाग हार्ड न करता सोडतात, हे मलाही माहीत होतं. त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं, आणि ते पटावं म्हणूनच त्याने तयार ठेवलं होतं. त्याच कानशीने स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या डिफकडच्या टोकाच्या दात्यांवर, एक हात मारला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. दहा सेकंदांचं काम. शाफ्ट हातात आला की पहिली कानस स्प्लाइनला लावा, विकणारा फोनवर काय सांगतोय ते नंतर ऐका.

मुळशीच्या बाजूला एका ओढ्यातून वर चढताना डावा शाफ्ट तुटला. जिप्सीचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे चाकाचा भारही शाफ्टच पेलतो. शाफ्ट डिफजवळ तुटला तर चाक जागेवर राहतं, पण हा फ्लँजच्या (चाक बोल्टने बसतं त्या चकतीच्या) मुळाशी तुटला. म्हणजे चाक, ड्रमसकट, बाहेर. पाय ब्रेकवर गेला, ड्रम नसल्यामुळे व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर आले आणि ऑइल वाहून गेलं. सुदैवाने गाडी एका दगडाला टेकून थांबली. हेच घाटात साठच्या वेगाने झालं असतं तर? बायको शेजारी बसली होती.

तुटलेला भाग पुसला तेव्हा पावडर कोटिंगखाली गोल वेल्ड दिसली. कुठल्यातरी वेगळ्या गाडीचा शाफ्ट लेथवर उतरवून त्याला फ्लँज चिकटवला होता. धातूत काय काय आहे ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रो टेस्टचे १,२०० रुपये भरले. ईएन-२४ मध्ये निकेल दीड टक्क्याच्या आसपास असायला हवं, शिवाय क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. इथे निकेल नाममात्र, मॉलिब्डेनम नाही. साधं मध्यम कार्बनचं पोलाद. फिटिंग, बेअरिंग आणि ऑइल सील ७,४००, ट्रॅक्टर आणि टोइंग ६,५००, ड्रम, बॅकिंग प्लेट आणि सिलिंडर ८,२५०. बेरीज वर दिलीच आहे.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." मी लॅबचा रिपोर्ट पुढे केला, तो उघडूनही पाहिला नाही. दुसऱ्याच मालाचं सर्टिफिकेट देऊन पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? मग दुसरे साहेब आले आणि विचारलं, "टायर बदलायची परवानगी घेतली होती का?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्यावरची बंधनं) मला माहीत आहे. टायरचा दंड मला करा, मी भरतो. पण त्यामुळे बनावट माल विकणाऱ्याला माफी कशी मिळते? तक्रारदारालाच आरोपी केलं की तो उठून जातो, हा अनुभव त्यांना असणार. सायबरकडे पाठवलं, तिथे म्हणाले, "माल मिळालाय ना? मग सायबर नाही." ग्राहक हेल्पलाइनच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली, विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रारच बंद केली! उत्तर न देणं हा बचाव झाला. अर्ज घेतल्याची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. ती घ्याच, पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, विकणारा कुठल्याही राज्यात असो. मुदत दोन वर्षं. तुटलेले तुकडे विकणाऱ्याला 'तपासणीसाठी' परत पाठवू नका, त्याने माझ्याकडे तेच मागितले होते. व्हॉट्सअॅपचं सगळं संभाषण त्याच दिवशी एक्स्पोर्ट करा, त्याने स्वतःचे मेसेज पुसले.

उजवा शाफ्ट मी काढून ठेवला आहे. कोटिंग खरवडलं, तिथेही तीच वेल्ड. ज्यांनी अलीकडे जाड काळ्या कोटिंगचे 'हेवी ड्यूटी' शाफ्ट बसवलेत, त्यांनी या आठवड्यात चाक खोला, फ्लँजच्या मुळाशी रंग खरवडा. गोल रेघ दिसली तर गाडी गेटबाहेर काढू नका.