ऑनलाइन आयटी पदवी मराठवाड्यातून: फी भरण्याआधी काय तपासायचं

निकाल आधीच सांगून टाकतो: व्हिडिओसाठी फी भरू नका. सी, जावा, डीबीएमएस (डेटाबेस), नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम या सगळ्या विषयांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स एनपीटेल आणि ‘स्वयम’ या शिक्षणाच्या पोर्टलांवर फुकट आहेत. तिथं परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच पैसे लागतात. मग ऑनलाइन बीसीए, बीएस्सी आयटी किंवा एमसीएला लाख-दीड लाख मोजायचे ते कशासाठी? मान्यता असलेल्या पदवीसाठी, करून घेतलेल्या प्रॅक्टिकलसाठी आणि परीक्षा सुरळीत पार पडावी यासाठी. या तीन बाबतींत कोण कुठं उभं आहे, एवढंच इथं बघू.

मान्यतेचं सगळ्यात सोपं. कुणी ‘ऑनलाइन बी.टेक. आयटी’ विकत असेल तर बोलणं तिथंच थांबवा. इंजिनिअरिंगची पदवी आपल्याकडं ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं देता येत नाही. बीसीए, बीएस्सी, एमसीए चालतात, पण विद्यापीठ मोठं आहे म्हणून त्याचा प्रत्येक कोर्स मान्य असतो असं नाही. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, वेबसाइटवर विद्यापीठ, कोर्सचं नेमकं नाव, मोड (ऑनलाइन की ओडीएल, म्हणजे दूरशिक्षण) आणि चालू सत्र या चारही गोष्टी एकाच ओळीत दिसल्या पाहिजेत. मागच्या वर्षीच्या यादीचा स्क्रीनशॉट काउन्सेलर व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो बघून पैसे भरू नका. आणि लातूर, नांदेड, परभणीत चौकाचौकांत ‘अमुक विद्यापीठाचं अधिकृत ऑनलाइन डिग्री केंद्र’ असे बोर्ड दिसतात, त्यांच्यापासून दूर राहा. ऑनलाइन कोर्सला फ्रँचायझी चालत नाही, हे यूजीसीच्या २०२० च्या नियमांतच आहे. फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची आणि पावती विद्यापीठाच्याच नावाची घ्यायची.

२०२४ पासून ॲडमिशनला डीईबी आयडी लागतो, आणि आपल्या भागातली निम्मी पोरं तिथंच अडकतात. क्रम असा आहे: आधी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, मग डिजिलॉकर, मग त्यातून विद्यार्थ्याच्या क्रेडिटची नोंद ठेवणारा १२ आकडी एबीसी (आता अपार) आयडी, आणि मग डीईबीच्या पोर्टलवर डीईबी आयडी. अडचण येते ती नावात. दहावी-बारावीच्या मार्कमेमोवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आधी. त्यात कुठं आधारवर ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडलेलं आणि मार्कमेमोवर नाही. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुधा निभावतं, पण स्पेलिंग वेगळं असलं की अर्ज अडतो. दुसरी अडचण जुन्या सिमची. आधार काढताना वडिलांचा नंबर दिलेला, तो रिचार्जविना बंद पडलेला, आणि ओटीपी येणार तो तिथंच. म्हणून फॉर्म सुरू होण्याच्या महिनाभर आधी आधार केंद्रात जाऊन मोबाइल नंबर बदलून घ्या. शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

आता कोर्सेस. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस हा २०२० पासून चालू आहे आणि अभ्यासाच्या दर्जात तो इतरांच्या फार पुढं आहे. नाव डेटा सायन्सचं असलं तरी डिप्लोमा या मधल्या टप्प्याच्या प्रोग्रॅमिंग भागात डीबीएमएस, पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर्स, जावा, ॲप डेव्हलपमेंट असं आयटीवाल्याला लागणारं बरंच काही आहे. जेईई लागत नाही. बारावीनंतर चार आठवड्यांचा अभ्यास, असाइनमेंट आणि मग पात्रता परीक्षा. पुढं फाउंडेशन या पहिल्या टप्प्याला ३२ क्रेडिट, बीएस्सीसाठी ११४, पूर्ण बीएससाठी १४२. मधे कुठलाही टप्पा पूर्ण करून थांबलात तरी त्या टप्प्याचं सर्टिफिकेट हातात पडतं. शेतीची कामं बघत शिकणाऱ्या पोराला ही सोय मोठी आहे. फी विषयागणिक, त्या-त्या टर्मची भरायची असते. प्रवर्ग आणि उत्पन्न बघून ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, म्हणून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर ही कागदं अर्जाआधीच काढून ठेवा.

जड काय जातं? पहिलं, गणित आणि स्टॅटिस्टिक्स. आठ फाउंडेशन विषयांपैकी चार या दोन्हींचेच. बारावी आर्ट्स केलेला मुलगा बंदी नसल्यानं आत येतो आणि दुसऱ्या टर्मला गळतो. दुसरं, इंग्रजी. विषय अभ्यासक्रमात आहे, पण व्हिडिओ समजायला आधीच बऱ्यापैकी यावं लागतं. सबटायटल लावून १.० वेगानं बघा, १.५ च्या नादी लागू नका. तिसरं, क्विझ आणि एंड टर्म या परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात. वर्षाला तीन टर्म, प्रत्येक टर्मला दोन क्विझ आणि एक शेवटची परीक्षा, म्हणजे बॅग वर्षभर भरलेलीच. फॉर्ममध्ये शहर निवडताना जवळच्या केंद्राच्या जागा संपण्याआधी नंबर लावा, नाहीतर भूम किंवा किनवटहून निघणाऱ्याला रात्रीच्या एसटीशिवाय पर्याय राहत नाही. प्रोग्रॅमिंगची प्रॉक्टर्ड (कॅमेऱ्यातून नजर ठेवलेली) परीक्षा मात्र घरून द्यायची असते. तिच्याबद्दल पुढं येईल.

तिथला ॲप डेव्हलपमेंटचा प्रोजेक्ट हे या कोर्सचं खरं सोनं. फ्लास्क, जिंजा टेम्प्लेट आणि एसक्यूलाइट वापरून अख्खं वेब ॲप्लिकेशन एकट्यानं उभं करायचं आणि मग व्हायवा द्यायचा. व्हायवात नुसतं ‘हे काय आहे’ विचारून सोडत नाहीत, चालू कोडमध्ये बदल करून दाखवायला लावू शकतात. रेडिमेड प्रोजेक्ट विकणाऱ्यांची डाळ तिथं शिजत नाही.

इग्नूची बीसीए ऑनलाइन आणि नेहमीच्या दूरशिक्षणाच्या पद्धतीनं, दोन्हींनी करता येते. खर्च कमी, पदवीला वजन, आणि शिस्त पूर्ण तुमची. प्रवेश जानेवारी आणि जुलैचे, परीक्षा जून आणि डिसेंबरच्या. नापास होण्यापेक्षा असाइनमेंट न भरल्यानं वर्ष वाया जाणारे इथं जास्त. मुदत संपल्यावर पोर्टल दार लावून घेतं, आणि असाइनमेंटविना लेखीचे गुण मिळूनही विषय अपूर्णच राहतो.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे तसं ऑनलाइनमध्ये मोडत नाही, पण ज्यांना घरी लॅपटॉप किंवा नेटचा भरवसा नाही त्यांनी आधी तेच बघावं. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या या विद्यापीठाची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, आणि प्रॅक्टिकल अभ्यासकेंद्राच्या लॅबमध्ये होतं. अट एकच: अभ्यासकेंद्र निवडण्याआधी त्या लॅबमध्ये एकदा जाऊन या. किती मशीन चालू आहेत, की प्रॅक्टिकलच्या दिवशी फक्त जर्नल उतरवून घेतात, हे पाच मिनिटांत कळतं.

खासगी विद्यापीठांची ऑनलाइन बीसीए-एमसीए हा तिसरा प्रकार. ॲप देखणं, लाइव्ह तास संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी, रेकॉर्डिंग नंतर बघता येतं. नोकरी करणाऱ्याला हे सोयीचं आहे यात वाद नाही. तक्रार दोन ठिकाणी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून सांगतात ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, वडिलांच्या नाहीतर मुलाच्या नावावर. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि तो चुकला की सिबिल बिघडतं. पुढं पीककर्जाच्या वेळी बँकेत तेच वर येतं. सत्रागणिक फी भरायची मुभा असेल तर तीच घ्या. दुसरी तक्रार लॅबची, आणि ती जास्त गंभीर आहे.

पुष्कळ ठिकाणी ‘व्हर्च्युअल लॅब’ म्हणजे ब्राउझरमधली एक पेटी: कोड टाका, रन दाबा, आउटपुट बघा. त्यात सी आणि पायथॉनचा सराव होतो, पण आयटीचं काम शिकता येत नाही. आयटीत खरा वेळ जातो तो गोष्टी बसवण्यात आणि बिघडलं की शोधण्यात. जेडीके (जावाचं किट) टाकली पण पाथ लावला नाही, मग जावा आहे की नाही तेच मशीनला कळेना. एक्झॅम्प आणि मायएसक्यूएल दोन्ही टाकले, दोघंही ३३०६ पोर्ट मागतात, त्यातलं एक सुरूच होत नाही. लिनक्ससाठी व्हर्च्युअल मशीन उघडायला गेलात तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद. हे अडथळे स्वतः सोडवल्याशिवाय मुलाखतीत बोलायला काही नसतं. म्हणून ॲडमिशनच्या आधी विद्यापीठाला तीनच प्रश्न विचारा: प्रॅक्टिकलचे गुण वेगळे आहेत का, कोड कोण तपासतं, आणि डेटाबेस व नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल कशावर होतं. ‘सगळं एलएमएसवर (कोर्सच्या पोर्टलवर) आहे’ असं उत्तर आलं तर समजून जा. नेटवर्किंगसाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे स्क्रीनवर नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, त्यांच्या नेटअकॅड साइटवर नाव नोंदवून फुकट मिळतं. दोन राउटर, दोन स्विच, चार पीसी जोडून व्हीलॅन आणि राउटिंग स्वतः लावून बघा, कोर्सनं सांगो न सांगो.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम ही खालची मर्यादा. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन वापरायचं तर १६. हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप मिळत असेल तर त्यात एसएसडी टाकल्याशिवाय घेऊ नका, आणि विंडोज ११ चालतं का ते बघा, कारण १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅपटॉप गादीवर ठेवून काम कराल तर प्रोसेसर गरम होऊन स्वतःच वेग कमी करतो. मशीन खराब आहे असं वाटतं, पण खालून हवा मिळाली की तेच नीट चालतं.

नेटचा हिशेब. ४८० रिझोल्यूशनला तासाभराचा व्हिडिओ साधारण ३०० ते ५०० एमबी खातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन ते पाच तास बसतात. ७२० वर गेलात की जेवणापर्यंत पॅक संपतो. कोड वाचता येत नसेल तेवढाच भाग वर चढवा. फायबर असेल तर राउटरला मिनी यूपीएस लावा. बाजारात ८८०० एमएएचचे मिळतात, ३.७ व्होल्टनं ते साधारण ३२ वॉट-तास होतात, घट धरून २६ उरतात, आणि फायबरचा डबा १० वॉटच्या आसपास खात असल्यानं अडीच तास निघतात. घेताना डब्याच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट (९ की १२) आणि पिनची जाडी जुळवून घ्या, ५.५ मिलिमीटरच्या पिनमध्ये आतलं भोक २.१ आणि २.५ असं दोन मापांचं येतं, दिसायला सारखीच. यूपीएस असूनही राउटरवर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर दोष तुमच्या घरात बहुधा नाही: एकतर वायर तुटली, नाहीतर ऑपरेटरच्या टोकाला वीज गेली. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर या, पण लाइट बराच वेळ गेलेली असेल तर गावच्या टॉवरची बॅटरीही उतरत आलेली असते हे लक्षात असू द्या.

घरून द्यायच्या प्रॉक्टर्ड परीक्षेला हे सगळं एकदम अंगावर येतं. कॅमेरा चेहरा शोधतो, माइक आवाज पकडतो, दुसरी व्यक्ती दिसली की नोंद होते. खिडकीकडं पाठ करून बसलात तर चेहरा काळा पडतो आणि ‘चेहरा दिसत नाही’ असं वारंवार येतं. टेबल भिंतीला लावा, उजेड समोरून किंवा बाजूनं घ्या, भिंतीवरचं कॅलेंडर आणि फोटो काढून ठेवा. आदल्या दिवशी विंडोज अपडेट उरकून घ्या. परीक्षेच्या मध्यात मशीन रिस्टार्ट झालं तर परत आत यायला परवानगी लागते. एनीडेस्कसारखी रिमोट सॉफ्टवेअर नुसती बंद करून भागत नाही, काढून टाका. अभ्यासिकेत बसून ही परीक्षा देता येत नाही, मागं माणसं दिसतात. घरात पाहुणे असतील किंवा शेजारी मांडव पडला असेल, तर वेगळी खोली असलेल्या नातेवाइकाकडं आधीच बोलून ठेवा. नेट तुटलंच तर वेळेसह स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोननं काढायचा आणि त्याच तासात तक्रारीचं तिकीट टाकायचं; दोन दिवसांनी पाठवलेल्या मेलला फारसं कुणी विचारत नाही.

नोकरीचं खरं सांगायचं तर, मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी कागदोपत्री नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि पदवीधर एवढीच अट असलेल्या सरकारी भरतीला ती चालते. पण काही मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर भरतीच्या जाहिरातीत ‘फुल टाइम’ कोर्सची अट घालतात, आणि तिथं ही पदवी आधीच बाहेर पडते. पुण्यातल्या मध्यम आणि छोट्या कंपन्या मात्र गिटहबवरचं (कोड ठेवायच्या साइटवरचं) काम बघतात. तिसऱ्या सेमिस्टरपासून तिथं दर आठवड्याला काहीतरी चढवत राहिलात तर काउन्सेलरच्या ‘१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ची वाट बघावी लागत नाही. त्यातल्या ‘असिस्टन्स’चा अर्थ ॲडमिशन फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलेला असतो, सही करण्याआधी ते पान वाचा.