पोस्टग्रेसचं पीजी-एचबीए: पाचपैकी चार स्टार, पाचवा का नाही ते खाली

पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचे रिव्ह्यू वाचायला गेलं की सगळे स्पीडबद्दल बोलतात, नाहीतर बॅकअपबद्दल. पण कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेरूनच परत पाठवायचं हे जी फाईल ठरवते तिच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही, आणि नवीन माणूस पहिल्या दिवशी अडकतो तो नेमका तिथेच. म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या एका फाईलचा, पीजी-एचबीए डॉट कॉन्फ.

आधी सेटअप सांगतो. औषधांच्या एका होलसेलरचं ऑफिस, पाच विंडोज पीसी, आतल्या खोलीत यूपीएसशेजारी एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवलाय, त्यावर उबुंटू २४.०४ आणि पोस्टग्रेस १६. बिलिंगचं सॉफ्टवेअर जावातलं, कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी करून दिलेलं. मी तिथे पडेल ते काम करणारा आयटीवाला.

पहिली गोष्ट, पोस्टग्रेस टाकल्या टाकल्या फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. दुसऱ्या पीसीवरून ५४३२ पोर्टला, म्हणजे पोस्टग्रेसच्या दाराला, धडक मारली की कनेक्शन रिफ्यूज्ड येतं, आणि लोक लगेच एचबीए उघडून बसतात. अहो, ते प्रकरण अजून एचबीएपर्यंत पोचलेलंच नसतं! मेन कॉन्फ फाईलमध्ये लिसन-अ‍ॅड्रेसेस (कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते) बदला आणि सर्व्हर रीस्टार्ट करा, त्याला नुसतं रीलोड, म्हणजे सर्व्हर चालू ठेवून सेटिंग परत वाचायला लावणं, चालत नाही. एचबीएला मात्र रीलोड पुरतं, चालू बिलिंग कोणाचं तुटत नाही, हे मला फार आवडलं.

फाईलमधली एक ओळ म्हणजे पाच गोष्टी: कनेक्शन कुठल्या प्रकारचं, कुठला डेटाबेस, कुठला युजर, कुठल्या पत्त्यावरून, आणि ओळख कशी पटवायची. वरून खाली वाचत जातो आणि जी ओळ पहिली जुळेल तीच फायनल. तिथे पासवर्ड चुकला तर खालची ओळ बघतही नाही, सरळ घरी जा. एकही ओळ जुळली नाही तरी घरी जा. यात मी मार खाल्लाय. टेस्टिंग करताना सगळ्या लॅनसाठी (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी) एक ट्रस्टची ओळ सगळ्यात वर टाकली होती, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घे, आणि खाली अगदी नीट स्क्रॅम-शा-२५६ वाली (पासवर्ड तपासायची नवी, सुरक्षित पद्धत) ओळ लिहून मी निवांत. पंधरा दिवसांनी अकाउंट्सच्या मॅडमच्या पीसीवरून सहज पीएसक्यूएल (डेटाबेसला थेट कमांड द्यायचं टूल) उघडलं तर पासवर्ड न विचारताच प्रॉम्प्ट समोर. पोटात गोळा आला. म्हणजे पंधरा दिवस ऑफिसच्या वायफायवर जो कोणी आला असेल त्याला अख्खं स्टॉक आणि उधारी उघडी, आणि खालची माझी स्क्रॅमची ओळ नुसती शोभेला.

आता मोठा किस्सा. ट्रस्ट काढलं, स्क्रॅम लागू झालं, आणि पाचही पीसीवर बिलिंग बंद. मॅडमचा फोन, "अहो सर, परत तो लाल डबा आलाय." एररमध्ये लिहिलेलं की ऑथेंटिकेशन टाईप १० सपोर्टेड नाही, आणि पुढे सल्ला की क्लायंटचा आयपी पीजी-एचबीएमध्ये आहे का ते तपासा. मी भोळा, दोन तास आयपी तपासत बसलो, १९२.१६८.१.०/२४ (ऑफिसच्या आयपींची अख्खी रेंज) बरोबर, युजर बरोबर, डेटाबेस बरोबर. मग म्हटलं मरू दे, ओळीतलं स्क्रॅम खोडून एमडी५ (पासवर्ड तपासायची जुनी पद्धत) केलं, रीलोड मारलं, तरी तीच एरर! गंमत अशी की एचबीएमध्ये एमडी५ लिहिलं तरी सर्व्हरवर साठवलेला पासवर्ड स्क्रॅमचा असेल तर पोस्टग्रेस गुपचूप स्क्रॅमच वापरतो, आणि व्हर्जन १४ पासून पासवर्ड डिफॉल्ट स्क्रॅममध्येच साठवला जातो. खरा दोष होता सॉफ्टवेअरसोबतच्या जुन्या जेडीबीसी ड्रायव्हरचा, म्हणजे जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या तुकड्याचा. स्क्रॅम त्या ड्रायव्हरमध्ये आलं ४२.२.० पासून, म्हणजे २०१८ ला, आणि आमच्याकडची जार फाईल (ड्रायव्हर याच फाईलमध्ये येतो) ९.४ ची. नवीन जार टाकली, पाच मिनिटांत पाचही पीसी सुरू. दोन तास ज्या फाईलला शिव्या घातल्या तिचा काहीच दोष नव्हता. एमडी५ वर अजूनही ढकलगाडी चालवणाऱ्यांनी लक्षात घ्या, व्हर्जन १८ मध्ये त्याला डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे काढून टाकायचं, म्हटलंय, जार बदलायचं काम आज नाहीतर उद्या करायचंच आहे.

कौतुकाची गोष्ट म्हणजे सर्व्हरचा लॉग. बाहेरच्याला फक्त पासवर्ड चुकला एवढंच कळतं, युजर आहे की नाही याचा पत्ताही लागू देत नाही, पण आत लॉगमध्ये सगळं उघड असतं, असा रोलच (युजरच) नाही, किंवा अमुक फाईलची अमुक नंबरची ओळ जुळली होती आणि ती ओळ जशीच्या तशी. शिवाय व्हर्जन १० पासून पीजी-एचबीए-फाईल-रूल्स नावाचा व्ह्यू आहे, त्यावर सिलेक्ट मारला की सगळ्या ओळी टेबलसारख्या दिसतात आणि टायपो असेल तर एररच्या कॉलममध्ये दिसतो. रीलोडच्या आधी हे बघायची सवय लावून घ्या. चुकीच्या फाईलवर रीलोड मारलं तर तो जुनेच नियम धरून बसतो, तेव्हा काही कळत नाही, पण त्याच फाईलवर रीस्टार्ट झाला तर सर्व्हर उठतच नाही. लाईट जाऊन आल्यावर सकाळी नऊला हे कळण्यात काही मजा नाही.

पाचवा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. एक, डेटाबेसच्या जागी ऑल लिहिलं तरी त्यात रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेणारं कनेक्शन) येत नाही, त्याला वेगळी ओळ लागते. मग ऑल कशाला म्हणायचं? दुसरं, पीअर नावाची ओळख पटवायची पद्धत. सर्व्हरवरच बसून पोस्टग्रेस युजरने लॉगिन करायला जा, पासवर्ड तोंडपाठ असला तरी पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड, कारण तिथे पासवर्ड बघतच नाहीत, लिनक्सचा युजर कोण ते बघतात. सुडो कमांडने लिनक्सचा पोस्टग्रेस युजर व्हायचं की काम होतं. माहीत झाल्यावर सोपं आहे, पण एरर वाचून कोणाच्या बापाला कळणार नाही.

आणि एक, बॅकअपवाल्या पीसीला मी एकट्याचा आयपी देऊन /३२ ची ओळ केली होती. राऊटर रीसेट झाला, त्या पीसीला नवा आयपी मिळाला, रात्रीचा बॅकअप बंद. लॉगमध्ये नवा आयपी, युजर, डेटाबेस सगळं स्वच्छ लिहिलेलं, वाचणारा मीच नव्हतो. आता राऊटरमध्ये तो आयपी त्या पीसीच्या नावावर बांधून टाकलाय आणि राऊटरवर पट्टी चिकटवलीये, रीसेटचं बटण दाबायच्या आधी फोन करा.