नकाशातील नको असलेले लेअर काढण्यासाठी क्यूजीआयएसचे पायथन : एक अभिप्राय

मराठवाड्यात पाणलोटाची किंवा पाणीपुरवठ्याची कामे करणाऱ्यांकडे तालुकावार नकाशांच्या प्रोजेक्ट फायली वर्षानुवर्षे साचत जातात. मागच्या तालुक्याची फाइल नव्या नावाने साठवून पुढचे काम सुरू करायचे, ही सर्वांचीच रीत. त्यामुळे केजच्या नकाशात कळंबच्या विहिरी, जुन्या उपग्रह प्रतिमा आणि चाचणीपुरते जोडलेले लेअर (नकाशात एकावर एक रचलेले माहितीचे थर) तसेच राहतात आणि फाइल उघडायला विनाकारण वेळ लागतो. हे लेअर क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमधील पायथन कन्सोलमधून, म्हणजे पायथन भाषेत आज्ञा देण्याच्या खिडकीतून, एकगठ्ठा काढून टाकता येतात. ही सोय उत्तम आहे, पण कोणता लेअर अनावश्यक हे तिला कळत नाही, आणि खरे कष्ट तिथेच आहेत.

मूळ स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींत होते. प्रोजेक्ट वाचायचा, ‘मॅपलेअर्स’ या आज्ञेकडून सर्व लेअर घ्यायचे, निकषात बसणाऱ्यांचे आयडी (ओळख-संकेत) वेगळ्या यादीत ठेवायचे आणि ती यादी काढून टाकणाऱ्या ‘रिमूव्हमॅपलेअर्स’ या आज्ञेला देऊन प्रोजेक्ट नव्या नावाने लिहायचा. काय काढले याची नोंद हवी असेल तर लेअरचे नाव आधीच टिपून ठेवावे, कारण काढून टाकलेल्या लेअरला नंतर नाव विचारले की ती वस्तूच नष्ट झाल्याचे सांगणारा एरर येतो. डिस्कवरच्या मूळ माहितीच्या फायलींना (शेपफाइल किंवा जिओपॅकेज) यात धक्का लागत नाही. तात्पुरते, केवळ मेमरीत असलेले लेअर मात्र कायमचे जातात.

नावावरून निवड करणे आपल्याकडे विशेष बेभरवशाचे आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही नावांचे लेअर सापडणे नवलाचे राहिले नाही. त्यात ‘बंधारा’ आणि ‘बंधाऱ्यांची स्थळे’ अशी लेखनातली सरमिसळ असते. शिवाय ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या युनिकोड क्रमाने टंकला जात असल्याने पडद्यावर सारखी दिसणारी दोन नावे पायथनला निराळी वाटतात. म्हणून नावापेक्षा लेअरचा ‘सोर्स’, म्हणजे माहिती कुठल्या फोल्डरमधून येते ते तपासणे अधिक खात्रीचे.

‘इजव्हॅलिड’ ही लेअरची माहिती सापडते का हे पाहणारी तपासणी सोपी दिसते, पण तिच्या भरवशावर तुटलेले लेअर काढायचे असतील तर माहितीची हार्ड डिस्क जोडलेली आहे ना, हे आधी पाहावे; ती जोडलेली नसेल तर तिच्यावरचे सगळे चांगले लेअरही स्क्रिप्ट निमूटपणे काढून टाकते. लेअर नकाशात दिसतो का हे पाहणाऱ्या ‘इजव्हिजिबल’चा धोका आणखी आडवळणाचा आहे. ही तपासणी लेअर चालू-बंद करणाऱ्या त्याच्या स्वतःच्या खुणेबरोबर, तो ज्या गटात आहे त्या वरच्या गटाचीही खूण विचारात घेते. जनगणनेचा तक्ता बंद केलेल्या गटात ठेवलेला असेल तर तो अदृश्य ठरून निघून जातो, त्याच्याबरोबर गावांच्या सीमांना केलेला जोडही सुटतो, आणि लोकसंख्येनुसार रंगवलेल्या नकाशाचे रंग कशामुळे गेले हे शोधत बसावे लागते. असा परिणाम होईल याची सूचना सॉफ्टवेअर आधी देत नाही, ही या सोयीतली मोठी उणीव मी मानतो. त्यामुळे पहिल्या फेरीत स्क्रिप्टने केवळ यादी छापावी आणि ती नकाशा करणाऱ्याच्या नजरेखालून घालावी.

परवान्याचा खर्च शून्य असल्यामुळे लहान संस्थांना हे साधन सहज परवडते, आणि ज्यांच्याकडे अशा डझनावारी फायली आहेत त्यांनी ते जरूर शिकावे. दोन-चार फायलींसाठी माऊसच बरा. आर्कमॅप या एस्री कंपनीच्या जुन्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या एमएक्सडी (प्रोजेक्ट) फायली मात्र क्यूजीआयएस थेट उघडत नाही. त्यांची सफाई आर्कमॅपमध्येच ‘आर्कपाय डॉट मॅपिंग’ या त्याच्या पायथन संचातील ‘रिमूव्हलेअर’ने करावी लागते, किंवा त्या एस्रीच्याच नव्या आर्कजीआयएस प्रोमध्ये आयात कराव्या लागतात. एस्रीने आर्कमॅपच्या निवृत्तीसाठी १ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती; त्यामुळे जुना परवाना चालू असलेला एखादा संगणक कार्यालयात असेल तर हे काम त्यावर लवकर उरकून घ्यावे.