प्रदर्शनातली 'मोफत स्किन टेस्ट' आणि साडेतीन हजारांचा फेसवॉश किट

दिवाळी जवळ आली की आमच्या डोंबिवलीत हॉल आणि मैदानं ग्राहक पेठांनी भरून जातात. पणत्या, फराळ, मसाले, साड्यांच्या रांगेत हल्ली एखादा स्टॉल तरी 'मोफत स्किन टेस्ट'चा असतोच. मागच्या वर्षी अशा एका स्टॉलवर माझी आणि माझ्या जावेची प्रत्येकी साडेतीन हजारांची फसवणूक झाली. पैशांपेक्षा चेहऱ्याचे जे हाल झाले ते जास्त लागले, म्हणून सविस्तर लिहितेय.

स्टॉलवर पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती. "ताई, बसा ना, टेस्टचे पैसे नाहीत." तिने आधी माझ्या गालावरून ओला कापूस फिरवला. गार लागला, सॅनिटायझरसारखा वास आला. लगेच त्याच जागी पेनासारखं यंत्र टेकवलं. आकडा आला अठरा. "चाळीसच्या वर पाहिजे ताई. तुमची स्किन पार डिहायड्रेटेड आहे." माझी त्वचा मुळात कोरडी, त्यामुळे मला ते पटलं. पण जावेचं कपाळ दुपारपर्यंत तेलाने चमकतं, तरी तिचाही आकडा विशीच्या आतच. तिलाही तोच किट: फेसवॉश, पीलिंग जेल आणि सीरम.

यातली मेख नंतर कळली. असलं पेन त्वचेच्या वरच्या थरातल्या ओलाव्याचा अंदाज देतं. घाम, एसी, नुकतंच काय लावलंय, काय पुसलंय, यावर तो आकडा खालीवर होतो. स्पिरिटने पुसलेल्या गालावर घेतलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही. शिवाय ओलावा वेगळा आणि तेल वेगळं. त्वचा तेलकट आहे की कोरडी, हे त्या एका आकड्यावरून ठरतच नाही.

मग जेलचा प्रयोग. तिने हाताच्या पाठीवर थेंबभर जेल घेऊन चोळलं आणि मळकट वळकट्या सुटायला लागल्या. "बघा, किती डेड स्किन!" आजूबाजूच्या बायका वाकून बघू लागल्या आणि तिथेच दोन किट विकले गेले. घरी माझ्या मुलीने तेच जेल स्टीलच्या ताटावर चोळलं. तशाच वळकट्या निघाल्या. अशा जेलमध्ये कार्बोमर किंवा सेल्युलोजसारखे पदार्थ असतात, ते चोळले की गोळा होऊन सुटतात. कुणी असं करून दाखवलं तर तिथल्या तिथे टेबलावर चोळून बघायला सांगा.

फेसवॉशला फेस भरपूर आणि मेंथॉलचा गारवा. धुतल्यावर चेहरा अगदी ताणल्यासारखा व्हायचा. थोड्याच दिवसांत नाकाच्या कडेची सालं निघू लागली, साधं पाणी लागलं तरी आग व्हायची. "सुरुवातीला जळजळतं, म्हणजे घाण निघतेय," असं त्या मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी वापरत राहिले. हे वाक्य कुठेही ऐकलंत तर ती बाटली तिथेच ठेवा. जळजळ म्हणजे त्वचेला इजा होतेय.

त्वचारोगतज्ज्ञांनी सगळं बंद करायला लावलं. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) साधारण ५ च्या आसपास असतो, अंगाच्या साबणाचा ९ ते १०, त्यामुळे साबणाने त्वचा आणखी कोरडी पडते. म्हणून कोरड्या त्वचेला साबणविरहित, फेस न होणारं, ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतला ओलावा टिकवणारा घटक) असलेलं क्रीमसारखं क्लीन्झर. जावेच्या तेलकट, मुरुमं येणाऱ्या त्वचेला जेल फेसवॉश, सॅलिसिलिक ॲसिड असलेला चालेल. संवेदनशील त्वचेला सुगंध नसलेलाच घ्यायचा. दोघींना एकच किट कसा चालणार होता?

आपली त्वचा कुठली हे घरी फुकट कळतं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. सगळीकडे चमक आली तर तेलकट. ताणल्यासारखं वाटलं, पापुद्रे दिसले तर कोरडी. फक्त कपाळ, नाक, हनुवटी चमकली तर मिश्र. उन्हाळ्यात आणि थंडीत उत्तर वेगळं येऊ शकतं, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा बघा.

बिल मागितलं तेव्हा "व्हॉट्सॲपवर पाठवते" असं उत्तर मिळालं. ते कधी आलंच नाही आणि प्रदर्शन संपल्यावर नंबर बंद. यूपीआयने दिलेले पैसे कंपनीच्या नाही, एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. बाटलीवर 'मार्केटेड बाय' एवढंच, पत्ता नाही. किमतीच्या स्टिकरखाली दुसरी, बरीच कमी किंमत छापलेली. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे लेबलवर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांकही लागतो. आमच्या बाटलीवर यातला फक्त बॅच नंबर होता.

फसला असाल तर बाटली रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे. लेबलचे, स्टिकरचे, चेहऱ्याचे फोटो काढा, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि मालाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या. आम्ही दोन्ही केलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. प्रदर्शनाच्या आयोजकांनी आधी "आम्ही फक्त जागा देतो" म्हणून हात झटकले, पण आमच्यासारख्या आणखी बायकांनी पत्रं दिल्यावर यंदा सौंदर्यप्रसाधनांच्या स्टॉलकडून परवान्याची प्रत घ्यायचं कबूल केलं आहे.