दोन चाकी डंपिंग का चार चाकी? ट्रॉलीचा दोन हंगामाचा अनुभव

दोन हंगाम वापरून झाल्यावर लिहून राहिलो. घ्यायच्या वेळेस चार जणांना विचारलं तर चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, अन् हुकाबद्दल कोणी शब्द काढला नाही.

आपला ट्रॅक्टर ४५ एचपीचा, गाव दारव्ह्याकडचं, वावर डांबरी रोडपासून दीड किलोमीटर आत आणि मधात पांदण, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट. काळी माती. परतीचा पाऊस आला की सोयाबीनचे कट्टे भरून तयार अन् बाहेर काढायला वाट नाही अशी गत. हे आधीच सांगतो कारण माझं सगळं मत या पांदणीतून आलेलं आहे, तुमचं वावर रोडला लागून असेल तर तुम्ही उलटं म्हणाल आणि तुमचंही बरोबरच राहील.

आधी भावकीत चार चाकी होती. तिच्या समोरच्या एक्सलवर गोल फिरणारं चक्कर असते, टर्नटेबल. सगळं वजन तिच्या स्वतःच्या चार चाकांवर, ट्रॅक्टरच्या हुकाला फक्त ओढ. जिनिंगला कापूस न्यायला एकदम बेस. पण चिखलात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर वजनच येत नाही, मग चाकं जागच्या जागी फिरतात अन् खड्डा करतात. रिव्हर्सचं तर बोलूच नका, एक वळण हुकावर, दुसरं चक्करवर, इकडं कापावं तर ती तिकडं जाते, मार्केट यार्डात मागं घेतो म्हटलं की हमाल बिडी पेटवून तमाशा पाहत बसत.

म्हणून दोन चाकी डंपिंग घेतली, म्हणजे जॅकनं हौदा उचलून माल मागं ओतणारी. हिचं एक्सल मधापासून जरा मागं असते, त्यामुळं मालाचा काही भार समोर दांडीवरून हुकावर येते. ५० किलोचे ६० कट्टे म्हणजे ३० क्विंटल, त्यातले तीन-चार क्विंटल जरी हुकावर बसले तरी मागची चाकं माती धरतात. पहिल्याच पावसात फरक कळला, जिथं चार चाकी टोचन करून काढावी लागायची तिथून ही पहिल्या गिअरमध्ये निघाली.

पण फुकटात काही भेटत नाही. तोच भार जास्त झाला की ट्रॅक्टर समोरून हलका होते, नाल्याचा चढ चढताना स्टेअरिंग फिरवलं तर फिरते पण ट्रॅक्टर सरळच जाते. समोर वजनाच्या प्लेटा लावल्या तेव्हा जमलं. अन् माल मागं जास्त भरला तर उलटं, दांडी वर उचलायला पाहते. हे मी यार्डात शिकलो. समोरचे कट्टे आधी उतरवले, मागचे तसेच, अन् हुकातली पिन काढायला वाकलो. पिन निघाली अन् दांडी हनुवटीजवळून सपकन वर गेली, ट्रॉली मागं टेकली. हमालातला एक म्हातारा म्हणे, "काहून बे, पिन काढाच्या आधी पाह्यलं नाही का मांगं किती हाय?" काय बोलणार.

भाचा बुटीबोरीहून ट्रेलर चालवतो. त्याच्या घोड्यावर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या समोरच्या गाडीवर, मागच्या एक्सलच्या वर ग्रीस लावलेली जाड प्लेट, ट्रेलरच्या खालून निघालेली जाड पिन म्हणजे किंगपिन तिच्या जबड्यात अडकते, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. मी म्हटलं पाचवं चाक दाखव तर खरं, तर म्हणे, "मामाजी, तुमच्या चार चाकीचं चक्कर तेच तर हाय." जुन्या घोडागाड्यांत समोरचा एक्सल ज्या आडव्या चक्करवर फिरे त्याचंच ते नाव. त्यानंच मोबाईलवर अमेरिकेतले पिकअप दाखवले, तिकडचे लोक हौद्यातच हूक बसवतात. फिफ्थ व्हील म्हणजे प्लेट अन् दोन इंची किंगपिन, चाल शांत पण हौदा अडून जाते. गूजनेक म्हणजे नुसता गोळा, दोन इंच अडीच सूत, ट्रॉलीची हंसासारखी वाकडी मान वरून त्यावर बसते, काम नसलं की गोळा काढला अन् हौदा मोकळा, फक्त सेफ्टी चेन लावावीच लागते. ढोरं, कडबा नेणारे तिकडं गूजनेकवाले. मीही तेच घेतलं असतं. दोन्हींत भार येते मागच्या एक्सलवर, म्हणून समोरून उचलत नाही. आपल्या ट्रॅक्टरचा हूक एक्सलच्या मागं लटकते, सगळं दुखणं तिथंच.

म्हणून हूक खालीच ठेवा. आमच्याकडं काही पोट्टे ओढ जास्त भेटते म्हणून साखळी वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी बांधतात, तसं केलं की ट्रॅक्टर मागं पलटी खाते, चालकाला उडी मारायलाही टाइम भेटत नाही.

आता वर्कशॉपवाला. बॉडी मस्त, जॅक अजून एकदाही गळला नाही, स्प्रिंगचे पाटे दणकट. पण दांडीच्या रिंगचं भोक मोठं अन् पिन बारीक दिली, चालताना खडखड, ब्रेक मारला की धक्का पाठीत. एका हंगामात पिन मधून झिजून डमरूसारखी झाली. दाखवायला गेलो तर म्हणे, "भाऊ, सगळ्यांची अशीच असते." शेवटी दुसरीकडं भोक बारीक करायला रिंगमध्ये बुश, म्हणजे लोखंडी नळी, ठोकून घेतलं, जाड पिन बनवली, खडखड बंद. ट्रॉलीला पाचपैकी चार, पिनीला शून्य. अन् पिनीत क्लिप टाका बाप्पा, वाकवलेली तार नको, आमची दोनदा रस्त्यात पडली.