पोस्टग्रेसचा कमिटफेस्ट: रांग चोख, वाट लांबलचक

पोस्टग्रेसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये नवं फीचर घालायचं तर गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकून काही होत नाही; तिथे नुसता मिरर, म्हणजे कोडची नक्कल आहे. पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) डेव्हलपरांच्या ‘हॅकर्स’ या मेलिंग लिस्टवर ईमेलने पाठवायचा आणि कमिटफेस्टच्या, म्हणजे आलेले पॅच तपासायच्या ठरलेल्या फेरीच्या, साइटवर त्याची नोंद करायची. नोंद राहिली, तर पॅच ढिगाऱ्याखाली गेलाच म्हणून समजा.

जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असे वर्षाला पाच कमिटफेस्ट, प्रत्येकी महिनाभराचे. एप्रिलमध्ये फीचर फ्रीझ, म्हणजे त्या आवृत्तीत नवी फीचर घेणं बंद. मोठा पॅच पहिल्यांदाच मार्चमध्ये आणाल तर तो पुढच्या आवृत्तीवर ढकलला जाणार. जुलै गाठा.

या व्यवस्थेतली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे सीएफबॉट, पॅच आपोआप तपासणारा बॉट. नोंदवलेला पॅच तो मास्टरवर (मुख्य कोडवर) पुन्हापुन्हा लावून बघतो, लिनक्स, विंडोज, मॅक, फ्रीबीएसडीवर टेस्ट चालवतो. लाल दिसणाऱ्या, म्हणजे टेस्टमध्ये फसलेल्या पॅचला रिव्ह्यूअर सहसा हात लावत नाहीत. एक खोच मात्र आहे: बॉट सर्वांत ताज्या ईमेलमधली पॅच फाइल उचलतो. चर्चेच्या ओघात कुणी चार ओळींची दुरुस्ती डॉट-पॅच म्हणून जोडली, की बॉट तेवढीच लावायला जातो आणि आपटतो. असे तुकडे डॉट-टीएक्सटी करून जोडावेत.

नवं अंगभूत फंक्शन असेल तर त्याचा ओआयडी (डेटाबेसमधला ओळख क्रमांक) ८००० ते ९९९९ मधला घ्या. अनयूज्ड-ओआयडीज ही स्क्रिप्ट आकडा सुचवते. कॅटव्हर्जनला (डेटाबेसच्या अंतर्गत तक्त्यांच्या आवृत्तीचा आकडा) मात्र हात लावू नका. तो कमिटर, म्हणजे मुख्य कोडमध्ये बदल घालायचा अधिकार असलेला माणूस, शेवटी बदलतो. तुम्ही बदललात तर दर चार दिवसांनी रीबेस करत, म्हणजे पॅच ताज्या कोडवर नव्याने बसवत बसाल. नवी सिंटॅक्स असेल तर डॉक्युमेंटेशन आणि रिग्रेशन टेस्ट बहुतेकांच्या लक्षात असतात, राहून जातं ते पीजी-डंप (बॅकअपचं साधन) आणि पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनातलं टॅब कम्प्लीशन.

खटकतं ते पुढचं. ‘रेडी फॉर कमिटर’ असा शेरा मिळाला तरी पॅच उचलायला कुणी बांधील नाही, आणि कमिट झाला तरी तो टिकेलच असं नाही. एसक्यूएलची मर्ज कमांड एप्रिल २०१८ मध्ये कमिट झाली, त्याच महिन्यात मागे घेतली गेली आणि शेवटी २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत आली.

रांग पुढे सरकवायचा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय नियमातच आहे: एक पॅच दिलात की तितक्याच वजनाचा दुसऱ्याचा एक पॅच तपासा. कोड वाचायला जड वाटला तर निदान लावून, बिल्ड करून ‘मेक चेक-वर्ल्ड’ (सगळ्या टेस्ट चालवणारी आज्ञा) चालवा आणि काय फुटलं ते कळवा.