महागडं डॉग फूड घ्यावं का? आधी रोजचा खर्च काढा

डॉग फूडच्या दोन पिशव्यांची तुलना करताना बहुतेक जण किलोचा भाव बघतात आणि हिशेब तिथेच चुकतो. नसबंदी झालेल्या, 10 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 630 किलोकॅलरी लागतात. समजा, महाग खाण्याच्या एका किलोत 4000 किलोकॅलरी आहेत आणि स्वस्त खाण्याच्या किलोत 3300. मग पहिलं रोज 158 ग्रॅम पुरेल, दुसरं 191 ग्रॅम घालावं लागेल. म्हणजे किलोचा भाव दुप्पट असला तरी रोजचा खर्च साधारण 1.65 पटच होतो. फरक उरतोच, पण वाटला होता त्यापेक्षा कमी. कॅलरीचा आकडा पिशवीवर नसेल तर कंपनीला विचारा. जी कंपनी तो द्यायला टाळाटाळ करेल, तिचं खाणं मी तरी घेणार नाही.

आता जास्तीचे पैसे मोजून नेमकं काय मिळतं? ‘प्रीमियम’ हा शिक्का काहीच सांगत नाही. अमेरिकेत प्राण्यांच्या खाद्याचे निकष ठरवणाऱ्या ‘ॲफको’ने त्याची व्याख्याच केलेली नाही. तेव्हा पिशवी उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. हे खाणं ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे का, आणि कोणत्या वयासाठी, हे तिथे लिहिलेलं असतं. ॲफकोच्या निकषांनुसार ओलावा वगळून प्रौढ कुत्र्याच्या खाण्यात किमान 18 टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या खाण्यात 22.5 टक्के प्रथिनं हवीत. ही अट स्वस्त पिशवीही पूर्ण करू शकते. आणि ‘संपूर्ण आणि संतुलित’ हे शब्दच नसतील, तर पिशवी कितीही देखणी असो, रोजचं जेवण म्हणून ती नको.

घटकांची यादी मात्र फसवी असते. घटक शिजवण्याआधीच्या वजनाच्या क्रमाने लिहितात. ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे ते सहज पहिल्या नंबरवर येतं. वाळवून दळलेलं चिकन, म्हणजे ‘चिकन मील’, खाली दिसलं तरी ग्रॅममागे प्रथिनं त्यातच जास्त असतात. ‘बायप्रॉडक्ट’ वाचून नाक मुरडणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे: काळीज, गुर्दा हे भाग पौष्टिक असतात आणि कुत्रे ते आवडीने खातात. कोरडं आणि डब्यातलं खाणं पडताळतानाही ओलावा वजा करूनच बघा. 78 टक्के ओलावा असलेल्या डब्यावर प्रथिनं 8 टक्के छापलेली असतात, पण कोरड्या हिशेबात ती 36 टक्के भरतात. 10 टक्के ओलावा आणि 26 टक्के प्रथिनं असलेलं कोरडं खाणं त्याच हिशेबात 29 वर येतं.

धान्यमुक्त खाण्यासाठी जादा पैसे मोजू नका, असं मी स्पष्टच म्हणेन. कुत्र्याला धान्य पचत नाही, हा समज चुकीचा आहे. माणसाच्या सोबतीत राहून त्याच्यात स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. खाण्याची ॲलर्जी असलीच, तर ती बहुधा बीफ, दूध, चिकन यांची निघते. शिवाय वाटाणे, मसूर भरपूर असलेलं धान्यमुक्त खाणं आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा आजार यांचा काही संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या एफडीएने 2018मध्ये जाहीर केला. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, पण मग नसलेल्या फायद्यासाठी ही शंका विकत का घ्यायची?

महाग पिशवी खरोखर उपयोगी पडते ती ठरावीक ठिकाणी. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर हाडांची वाढ बिघडते, म्हणून त्याला त्याच्यासाठीच बनवलेलं खाणं हवं. तिथे काटकसर करू नका. पोट सतत बिघडत असेल तर चांगलं पचणारं खाणं लाभतं: शी कमी आणि घट्ट होते, हे आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतं. किडनीचा किंवा तसला आजार असेल तर निर्णय पशुवैद्यांचाच.

निरोगी प्रौढ कुत्र्याला मात्र मधल्या भावाचं, संतुलित खाणं पुरतं. मापाला महत्त्व त्याहून जास्त. 48 लॅब्राडॉरच्या जोड्या लावून आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळालेले कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. त्यांच्या आयुष्याचा मध्यांक 13 वर्षं होता, दुसऱ्या गटाचा 11.2. महाग खाण्यात कॅलरी दाटीने भरलेल्या असतात, त्यामुळे तिथे चूक लवकर होते. मगभर म्हणताना वर आलेला 20 ग्रॅमचा ढीग म्हणजे 80 किलोकॅलरी, त्या 10 किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा आठवा हिस्सा. म्हणून मापाचा मग बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा.

बदल करायचं ठरलंच तर आधी लहान पिशवी आणा आणि 7 ते 10 दिवसांत जुन्यात थोडं थोडं वाढवत मिसळा. महिन्याभराने कुत्र्याच्या बरगड्यांवरून हलकेच हात फिरवा, वजन करा, शी आणि कातडी बघा. काहीच फरक नसेल तर पुन्हा जुन्या पिशवीवर या आणि वाचलेल्या पैशांतून त्याचे दात पशुवैद्यांना दाखवून घ्या.